डोळ्यांना हात लावू नका

मेकॅनिक गुरुप्रसादने स्टिअरिंगमधून लोंबणारी एअरबॅगची पांढरी पिशवी आतल्या आत गुंडाळली, मुळाशी कापली आणि जाड प्लास्टिकच्या थैलीत कोंबली. एवढी काळजी घेऊनही बारीक पूड उडालीच. गाडीचं दार धरून उभ्या असलेल्या गंगारामला त्याने मागे सरायला सांगितलं.

गंगाराम सरला नाही. लेकीच्या वस्तू न्यायला तो नाटे बंदरावरून रत्नागिरीच्या या गॅरेजात आला होता. योगिनी जाऊन महिना होत आला. निवळी घाटात गाडी कठड्यावर आदळली, पुढच्या दोन्ही एअरबॅगा उघडल्या. चालवणारा जावई कपाळाला टाके घेऊन घरी आला आणि शेजारी पट्टा लावून बसलेली योगिनी जागीच गेली. हे गंगारामच्या गळी उतरत नव्हतं.

स्मशानात त्याने सगळ्यांदेखत मितेशला सुनावलं होतं, तूच मारलंस तिला. मितेशने मान खाली घातली, चकार शब्द काढला नाही. गप्प राहिला म्हणजे दोषीच, असं गंगारामने धरून टाकलं, आणि त्याने एकदा धरलेलं सोडवायची गावात कुणाची टाप नव्हती. आजही मितेशनेच त्याला स्टँडवरून स्कूटरवर आणलं होतं. जावयाला बोट लागू नये म्हणून गंगाराम वाटभर मागची कडी धरून बसला होता. मितेश आत न येता फाटकाबाहेर थांबला होता.

गुरुप्रसादने शेवटी गंगारामला हातमोजे, चष्मा, मास्क दिला. ही पूड झोंबते, साबणाने हात धुवेपर्यंत डोळ्यांना हात लावायचा नाही, असं दोनदा बजावलं. गंगारामने सीटखालून योगिनीची एक चप्पल काढली, मग केसांचा चाप. चाप बराच वेळ हातात धरून ठेवला.

"माझी होडी खंय गेली?" त्याने विचारलं.

होडी पितळेची, चार बोटं लांब. नवी गाडी दाराशी आली तेव्हा गंगारामने नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं आणि ती होडी लेकीच्या बाजूला, तिच्या अगदी समोर डॅशबोर्डवर बसवली. मितेशने चिकटपट्टी पुढे केली तेव्हा गंगारामला हसू आलं. दर्यावर जन्म काढलेला माणूस चिकटपट्टीवर विसंबतो होय? बोटीच्या फटी बुजवायची पुट्टी मळून त्याने होडी पक्की केली, अंगठ्याने दाबली आणि म्हणाला, आता वादळ आलं तरी हलायची नाय. योगिनी तेव्हा पोट धरून हसली होती.

होडी काही सापडली नाही, असं म्हणत गुरुप्रसाद डाव्या बाजूच्या पिशवीसमोर आडवा उभा राहिला. तिथेच फसला. गंगारामने त्याला बाजूला केलं. पिशवीच्या वर डॅशबोर्डचं एक झाकण उचकटून लटकत होतं. झाकणावर पुट्टीचा वाळलेला गोळा होता, अर्धा तुटलेला.

"ह्या झाकणाखाली काय असतं?"

"एअरबॅग, काका. ती फुगते तेव्हा झाकण उडतं."

"आन् त्याच्यावर बसवलेलं?"

गुरुप्रसादने हातातली कात्री खाली ठेवली.

"त्याच्यावर काही बसवायचं नसतं. गोळीसारखं सुटतं ते."

गंगारामने उजव्या हातातला मोजा काढला. गोळ्यावरच्या खळग्यात अंगठा ठेवला. अंगठा नेमका बसला.

मग त्याने विचारलं, "मितेशरावांना ठाऊक हाय?"

"पहिल्या दिवसापासून. होडी त्यांनीच नेली. तुम्ही यायच्या आत हे झाकण काढून टाक म्हणाले होते. माझ्याकडूनच राहिलं."

गंगारामने चष्मा ओढून काढला आणि हात तोंडाकडे नेला. गुरुप्रसादने मनगट धरलं.

"डोळ्यांना हात लावू नका, काका."

मग गंगाराम दोन्ही हात अंगापासून लांब धरून तसाच उभा राहिला आणि रडला. पाणी मास्कवरून गळ्यात उतरत होतं, पुसता येत नव्हतं. गुरुप्रसादने त्याला नळाशी नेलं, लहान मुलाचे धुवावेत तसे साबणाने त्याचे हात धुतले. गंगारामने सांगितलं, ते झाकण आताच काढ, नि मी बघितलं हे मितेशरावांना सांगू नको.

फाटकाशी मितेशने सासऱ्याच्या हातातली पिशवी घेतली. त्याचे डोळे पाहून तो घाबरला.

"मामा, काय झालं?"

"पूड गेली डोळ्यांत."

मितेशने स्कूटर वळवली. गंगाराम मागे बसला, आणि या खेपेला कडी न धरता त्याने जावयाच्या खांद्यावर हात ठेवला.

मितेशला कितीतरी वेळ स्कूटर सुरू करता आली नाही.