बापाच्या चपला

फट्... फट्... सकाळच्या शांततेत आवाज आला, आणि अर्धवट झोपेत मला वाटलं, हे शेतावर निघाले.

डोळे उघडले तर आमची लेक, यमीमा. खुंटीवरच्या बापाच्या चपला पायात घालून चुलीपासून दारापर्यंत फरफटत चालली होती. ह्यांना पुरल्यापासून त्या चपलांना कुणी हात लावला नव्हता.

"आत्ताच घालून ठेवल्या, आई. मग उशीर नको."

आज बांधाचा फेरा होता. ह्यांना मुलगा नाही, म्हणून शेत मुलीचं. पण आमच्या गावात वारसानं मेलेल्याच्या चपला घालून पंचांसमोर बांधाभोवती चालायचं असतं. वाटेत चप्पल काढून दुसऱ्याच्या हातात दिली, की शेत त्याचं. शेत गेलं तर लेकीला घेऊन मला माहेरी जावं लागणार, आणि ह्यांचं नाव त्या मातीतून पुसलं जाणार.

चपलांत मी लोकर कोंबली, पट्टे घट्ट बांधले. पुरेसे घट्ट नव्हते, हे नंतर कळलं.

दरीतून धुकं चढत होतं. पुढे काठी टेकत मल्लूख आजोबा, गावातले सगळ्यांत वडील पंच. मागे धाकटे दीर, शेमेर भावजी. भावजींच्या घरात पोरं उदंड आणि जमीन वीतभर.

"वहिनी, चालेल ना ही? की कडेवर बसून वारसा घ्यायचाय?"

"चालेल, भावजी. तुमच्या भावाची लेक आहे."

"म्हणजे त्याच्यासारखी काम टाकून जैतूनाच्या झाडाखाली झोपणार."

पंच हसले. मलाही हसू आलं.

बांधावरच्या प्रत्येक धोंड्याला काठी लावून आजोबा पुटपुटत, "देवानं बापजाद्यांना वचन दिलं, ते हे. जमीन त्याची, आपण पाहुणे." धुक्यात पुढचं माणूस दिसेना, नुसती पावलं ऐकू येत. मला वाटलं, बापजादेही चालताहेत आमच्याबरोबर, आणि त्यांच्यात एकाच्या पायात चपला नाहीत.

जैतूनाजवळच्या खडकात कोरलेलं जुनं टाकं आलं, तिथं पट्टा सुटला. यमीमा मटकन बसली, चप्पल ओढून काढली, आणि जवळ जो होता त्याच्यापुढे धरली.

"काका, धर जरा. खडा टोचतोय."

भावजींनी धरली. लेकरानं काही पुढे केलं की आपण धरतो, तशी.

मग सगळेच थांबले. आजोबांची काठी अधांतरी राहिली. पोर आहे, असं म्हणायला माझी जीभ वळेना; रीत ती रीत, तिला वय कळत नाही. भावजी चपलेकडे बघत राहिले. तळव्यावर ह्यांच्या अंगठ्याचा खळगा होता. बघता बघता भावजींचा अंगठा त्या खळग्यात जाऊन बसला.

मग त्यांनी चप्पल उलटी करून झटकली. खडा पडला. दवात मांडी घालून बसले आणि तिचा पाय गुडघ्यावर घेतला.

"गाठ मारायला शिकवलंय का नाही कुणी? तुझ्या बापालाही यायची नाही. लहानपणी मीच मारून द्यायचो."

"तू धाकटा होतास ना?"

"म्हणून तर. गप्प बस, हलू नकोस."

आजोबांनी तोंड दरीकडे वळवलं. "माझी नजर अधू झालीये रे आता. काही दिसलं नाही. चला, पुढचा धोंडा कुठाय?"

फेरा पुरा झाला तेव्हा धुकं विरलं होतं. सगळे गेले. आम्ही दोघी जैतूनाखाली बसलो. टाक्यातलं पाणी मी तिला ओंजळीनं पाजलं.

"हे टाकं बाबांनी खणलं?"

"नाही गं. आपली माणसं इथं आली तेव्हा होतंच. हे झाडही."

"म्हणजे आधी दुसऱ्या कुणाचं होतं?"

"हो."

काकानं मारलेल्या गाठीवरून ती बराच वेळ बोट फिरवत राहिली.

"मग आई, त्यांनी आपल्या चपला कुणाच्या हातात दिल्या होत्या?"