वरकुट्याच्या माळावरचा अकरावा फोटो

मित्रांनो, अंगावरचं कातडं सुटलेला, दोन भिंगांचा, डब्यासारखा चौकोनी असा जो म्हातारा कॅमेरा कपाटावर दिसतोय ना, तो मी. हसू नका. तुमच्यातल्या काहींच्या आईवडिलांच्या लग्नात मीच होतो. मला डोळ्याला लावत नाहीत. पोटाशी धरायचं, वरचं झाकण उघडायचं आणि खाली वाकून बघायचं. भलेभले माझ्यापुढे मान खाली घालायचे आणि मला त्याचा फार तोरा होता.

जन्म जपानचा, पण ते आता आठवतही नाही. १९७४ साली पुण्याच्या जुन्या बाजारातून फारुकभाईंनी मला बारामतीला आणलं. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचा स्टुडिओ होता. पोटासाठी लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप फोटो. जीव मात्र माळरानात. सवड मिळाली की मला गळ्यात अडकवायचे आणि मोटरसायकलवरून इंदापूर तालुक्यातला वरकुट्याचा माळ गाठायचे. तिथं एक हिवराचं झाड होतं, एकटंच. भिंगापुढे पिवळी काच लावली की काळ्या-पांढऱ्या फोटोत ढग उठून दिसतात. पण ढग मनासारखा जागेवर यायला हवा ना! त्यासाठी आम्ही दोन-दोन तास बसायचो. मेंढरं राखणारे सोनबा तात्या विचारायचे, "फारुकभाई, हितं फोटो काढण्यासारखं हाय तरी काय? दगडं नि कुसळं!"

"तेच तर हाय, तात्या," फारुकभाई म्हणायचे.

माझ्या रोलवर फक्त बारा फोटो मावतात. म्हणून बटण दाबण्याआधी माणूस बाराशे वेळा विचार करतो. पुढे त्यातलेच काही फोटो मोठे करून एका कॉलेजात लावले, तेव्हा लोक म्हणाले, "हा आपला माळ हाय व्हय? वळखूच आला न्हाय!" त्या दिवशी मी जाम फुगलो होतो.

पण अर्धं कौतुक माझं नव्हतंच. ते होतं करिमाभाभींचं, म्हणजे फारुकभाईंच्या बायकोचं. फारुकभाई फोटो काढायचे, रोल धुवायच्या भाभी. मोरीशेजारच्या खोलीत मिट्ट काळोख करून, रोलची दोन टोकं दोन हातांत धरून त्या तो औषधाच्या ट्रेमध्ये खालीवर करायच्या. काळोखात घड्याळ कुठलं दिसतंय? भाभी जात्यावरच्या ओव्या म्हणायच्या. ठरावीक ओव्या झाल्या की रोल तयार. थंडीत पाणी गार असलं की दोन-चार जास्त म्हणायच्या. किती जास्त, ते त्यांच्या बोटांना कळायचं. मी बाहेर खुंटीवर लटकून ऐकायचो. बावीस वर्षांत त्यांच्या हातून एक रोल बिघडला नाही. औषधानं हातांना भेगा पडल्या, म्हणून लेकीला, मेहजबीनला, त्यांनी त्या खोलीत पाऊल ठेवू दिलं नाही. "तू आपली शीक," म्हणायच्या.

आणि गंमत बघा, मित्रांनो. ज्या घरात सगळ्या तालुक्याचे फोटो, त्या घरात भाभींचा एकही फोटो नाही! लग्नात कुणी काढला नाही. मतदान ओळखपत्रासाठी फोटो काढायला शाळेत गेल्या आणि रांग बघून माघारी आल्या. फारुकभाईंनी विचारलं की म्हणायच्या, "रोल कशाला वाया घालवताय?" आणि हा गृहस्थ ऐकायचा! मला राग यायचा, पण कॅमेऱ्याच्या रागाला कोण विचारतंय?

१९९६ च्या जानेवारीत भाभी आजारी पडल्या. डॉक्टरांनी जे सांगितलं, ते फारुकभाईंनी घरात कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ते भाभींना म्हणाले, "चल, माळ बघायला जाऊ." बावीस वर्षं तो माळ धुतला, पण भाभींनी तो पाहिला कधीच नव्हता. निगेटिव्हवर आभाळ काळं असतं आणि झाड पांढरं. भाभी मोटरसायकलवरून उतरल्या, वर बघितलं आणि खुदकन हसल्या. "अहो, निळं हाय की आभाळ! माझ्या डोक्यात आपलं ते काळंच बसलंय."

फारुकभाईंनी आधी माळाचे दहा फोटो काढले. मग म्हणाले, "आता तू झाडाखाली जाऊन उभी राहा. झाड केवढं हाय ते कळायला माणूस लागतं."

"एवढ्या लांबून मी काय दिसणार? मुंगीएवढी!"

"मला दिसशील. जा."

भाभी गेल्या. वाऱ्यानं पदर उडत होता, तो त्यांनी दोन्ही हातांनी धरला आणि आमच्याकडे बघून हसल्या. फारुकभाईंनी बटण दाबलं. अकरावा फोटो. एक उरला होता. "राहू दे, परत येऊ तेव्हा," असं म्हणून त्यांनी मला मिटलं.

परत येणं झालं नाही. मार्चमध्ये भाभी गेल्या.

तो रोल माझ्या पोटात तसाच राहिला. धुवायचा कुणी? किती ओव्या म्हणायच्या, कुठल्या पाण्याला किती, हे फारुकभाईंनी कधी विचारलंच नव्हतं. गावात तोवर सगळं काम रंगीत झालेलं. धंद्यातले जुने जोडीदार म्हणाले, "पुण्याला पाठव." फारुकभाई म्हणाले, "टपालात हरवला तर? एवढीच हाय ती." दर शुक्रवारी नमाज पढून आले की मला मांडीवर घेऊन बसायचे. उघडायचे मात्र नाहीत.

मेहजबीनला हे बघवेना. आईला जाऊन वर्ष होईल त्या बरसीला अब्बांच्या हातात आईचा फोटो ठेवायचा, असं तिनं मनाशी ठरवलं. एका दुपारी ते बाहेर गेले असताना तिनं मला खाली काढलं, अब्बा करायचे तशी बाजूची चावी शेवटपर्यंत फिरवली आणि रोल नीट चिकटवून नव्या रंगीत लॅबमध्ये नेऊन दिला. पोरीला वाटलं, रोल म्हणजे रोल. लॅबवाल्यानं त्यावर काय लिहिलंय ते बघितलं नाही आणि तो मशीनमध्ये घातला. रंगीत रोलच्या औषधात काळ्या-पांढऱ्या रोलवरची चांदी सगळी धुऊन जाते, मित्रांनो. काही उरत नाही.

फारुकभाईंनी ती पट्टी खिडकीपाशी धरली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. कोरी. पुन्हा बघितली.

"अब्बा, माझं चुकलं," मेहजबीन रडत होती. "मला वाटलं, तुमाला बरं वाटंल."

"तुझं काय चुकलं गं? इतकी वर्षं तिचा फोटो काढायचा तू थोडाच राहू दिला होतास?" त्यांनी तिला जवळ घेतलं. मग विचारलं, "त्या दिवशी अम्मीनं कुठली साडी नेसली होती?"

"मी कॉलेजला गेले होते, अब्बा."

"मलाबी आठवंना झालंय," ते म्हणाले, आणि तेव्हा मात्र ते लहान पोरासारखे रडले.

त्यानंतर मी या कपाटावर आहे. मला कुणी पुसलं नाही तरी चालेल, माझं काय राहिलंय आता? पण घरात जे माणूस तुमच्यासाठी राबतं आणि म्हणतं "माझा कशाला?", त्याचं ऐकू नका. आजच त्याला अंगणात उभं करा. आणि त्याच्या हातात जी कला असेल, ती विचारून घ्या.

आणखी एक काम आहे. तुम्हाला माझं बोलणं कळतं, फारुकभाईंना कळत नाही. जाताना त्यांना एवढं सांगा, साडी जांभळी होती. बारीक पांढरे ठिपके होते तिच्यावर.