काय दिवे लावलेत

वायरमनचा उभा जन्म लोकांच्या घरचे दिवे लावण्यात गेला. त्याला जग दोनच शब्दांत कळायचं: लागला, नाहीतर गेला. त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी तपासणीआधी जे समजावलं, त्यातलं निम्मं त्याच्या डोक्यावरून गेलं. बायकोच्या छातीतली गाठ काढून झाली होती. रोग काखेतल्या ग्रंथींपर्यंत पोचलाय का, एवढंच आता बघायचं होतं. त्यासाठी तिच्या शिरेतून लोखंडाचे कण सोडले होते, केसाच्या टोकावर हजारो मावतील इतके बारीक. मग फोटो काढले.

"बघून या, तुमच्या त्या लोखंडानं काय दिवे लावलेत ते," बायको खाटेवरून म्हणाली.

यंत्राच्या खोलीत पडद्यावर ग्रंथी दिसत होत्या, एकजात काळ्याकुट्ट. सगळे गेलेलेच, असं वायरमनला वाटलं. मग कोपऱ्यात एक दिसली, पांढरी, लख्ख. कुणाला काही विचारायचं सोडून गडी तडक बायकोकडे आला.

"एक लागलाय गं," तो म्हणाला. "बाकीचेही लागतील हळूहळू."

बायको कितीतरी दिवसांनी मनापासून हसली आणि तिनं लगेच बहिणीला फोन लावला.

तेवढ्यात डॉक्टरीणबाईंनी त्याला बाहेर बोलावलं. "चांगली ग्रंथी कण गिळते, म्हणून फोटोत काळी दिसते. रोग असलेली गिळत नाही. ती पांढरीच राहते."

"म्हणजे काळं चांगलं?"

"हो."

"आणि उजेड?"

"एकच आहे. आता औषधही अशाच बारीक कणांत भरून थेट तिथे पोचवायचा प्रयत्न करू."

वायरमननं मान डोलावली. काळं चांगलं, पांढरं वाईट. चांगली पुष्कळ, वाईट एक. मग बातमी कसली म्हणायची? त्याला काही केल्या ताळमेळ लागेना. भीती वाटत होती, आणि स्वतःची लाजही.

आत बायको फोनवर सांगत होती, "अगं, ह्यांनी स्वतः बघितलंय. ह्यांना दिव्यातलं नाही कळणार तर कुणाला?" फोन ठेवून ती उशीला टेकली. "अहो, तेवढा दिवा बंद करा. डोळ्यांवर येतोय. मग सांगा, बाई काय म्हणाल्या."

वायरमननं बटणावर बोट ठेवलं आणि तो तसाच उभा राहिला.

बायको डोळे मिटूनच हसली. "काय हो, बटण सापडत नाही का?"