संधिवात या शब्दाचा अर्थ

शब्दकोशाच्या कचेरीत काम दहाला सुरू होई आणि टंकलेखिका साडेदहाला उगवे. तिशीही न गाठलेली मुलगी, पण चाल अशी संथ की सगळे तिला 'महाराणी' म्हणत. मुख्य संपादकांनी तिला दोनदा समज दिली होती. तिसऱ्यांदा त्यांनी कामावरून कमी केल्याचं पत्रच लिहिलं.

ते देण्याआधी शेवटचं काम म्हणून त्यांनी 'संधिवात' या शब्दाचं कार्ड तिच्यापुढे सरकवलं. अर्थ त्यांनीच लिहिला होता: 'म्हातारपणी सांधे आखडून दुखण्याचा विकार.'

"साहेब, हे चुकलंय," ती म्हणाली.

साहेबांची चूक काढायची म्हणजे सापाच्या शेपटीवर पाय देणं.

"तीन जुन्या कोशांत हेच आहे. तुमच्याकडे पुरावा काय?"

तिने दोन्ही हात टेबलावर ठेवले. बोटांचे सांधे सुजून लालबुंद झाले होते.

"तेविसाव्या वर्षी धरलेत. सकाळी मूठच उघडत नाही. पाचला उठून हात गरम पाण्यात धरते, तरी बटणं लावेपर्यंत नऊ वाजतात."

"मग आधी बोलायचं नाही का?"

"पहिल्याच आठवड्यात बोलले होते. तुम्ही हसलात. म्हणालात, 'या वयात कसला संधिवात? आळसाला चांगलं नाव शोधलंत!'"

साहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. कोपऱ्यातले वयस्कर मुद्रितशोधक चष्मा काढत म्हणाले, "साहेब, ज्याचं जळतं त्यालाच कळतं. आपण चाळीस वर्षं पुस्तकांनाच विचारत बसलो."

साहेबांची नजर भिंतीभरच्या खणांवर गेली. अकरा हजार कार्डं!

"ही सगळी... या बोटांनी?"

"हो."

काय ही जिद्द! साहेबांच्या अंगावर काटा आला आणि त्यांचे हात आपोआप जोडले गेले. पत्राचे त्यांनी तिथेच तुकडे केले.

"उद्यापासून तुम्ही अकराला या."

"येईन. पण आधी अर्थ दुरुस्त करा."

साहेबांनी तिच्यासमोर खुर्ची ओढली आणि पेन उघडलं. आयुष्यभर इतरांना मजकूर सांगणारा माणूस आज लिहून घेत होता.

वाचकहो, दुसऱ्याच्या दुखण्याला वय विचारण्याआधी आपण त्याचं म्हणणं तरी पूर्ण ऐकून घेतो का?

'म्हातारपणी' खोडून साहेबांनी 'कोणत्याही वयात' लिहिलं. मग विचारलं, "आणि वाक्यात उपयोग?"

ती म्हणाली, "लिहा. 'मला संधिवात आहे, असं तिने सांगितलं आणि कोणी हसलं नाही.'"