निकिताचा ठिपका

उमरखेडच्या दुर्गा मंडळात निकिता गायला लागली, तेव्हापासून तिच्या आवाजाचं बटन माझ्या हातात आहे. माझ्या जुन्या मिक्सरवर त्या बटनाशेजारी मी लाल नेलपॉलिशचा ठिपका लावलाय. बटन तिथे आणलं की निकिताचा आवाज बरोब्बर बसतो. ही जागा माझ्याशिवाय कोणालाच सापडायची नाही, अशी माझी समजूत होती.

मग आमच्या मंडळातला साकेत पुण्याहून सुट्टीला आला. येताना नवाकोरा मिडी कंट्रोलर घेऊन आला. लॅपटॉपला जोडायचा डबा, त्यावर बटनं आणि बारीक दिवे. निकिता म्हणाली, "पियुष, यंदा साकेतच्या लॅपटॉपवर करून पाहू न." माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तोंडानं म्हणालो, "पाहू न."

तालमीला आलो तर या गड्यानं माझी चक्क नक्कल केलेली! त्याच्याही बटनाशेजारी लाल ठिपका. निकिता हेडफोन घालून गायला लागली. साकेतनं तिचा आवाज जरा कमी करायला बटन डावीकडे फिरवलं, आणि आवाज थेट टोकाला गेला. निकितानं किंचाळून हेडफोन काढला.

"वायर खराब असन," साकेत म्हणाला.

वायर चांगलीच होती. त्याची बटनं नुसती गोल गोल फिरणारी, त्यांना ना सुरुवात ना शेवट. असलं बटन आपण कुठे आहोत हे सांगतच नाही. एक पाऊल पुढे की एक पाऊल मागे, एवढंच सांगतं. मागच्या पावलासाठी ते लॅपटॉपला एकशे सत्तावीस हा आकडा पाठवतं. पण माझा ठिपका पाहून साकेतला वाटलं, बटनाला जागा हवीच. त्यानं सॉफ्टवेअरमध्ये 'ॲब्सोल्यूट' निवडलं, म्हणजे येणारा आकडा हीच बटनाची जागा. आणि एकशे सत्तावीस म्हणजे पूर्ण आवाज! स्क्रीनवरचा तो शब्द मी कधीच वाचला होता.

मी गप्प बसलो. होऊ दे फजिती. साकेतनं वायर बदलली, निकितानं पुन्हा हेडफोन घातला आणि पुन्हा तेच झालं. ती कान धरून खालीच बसली. पहिल्या वेळी मला मजा आली होती. या वेळी नाही आली.

मी उठलो, 'रिलेटिव्ह', म्हणजे नुसतं पुढे-मागे, निवडलं आणि बटन डावीकडे फिरवलं. आवाज हळूहळू उतरला.

"एवढंच होतं काय बे?" साकेत खूश होऊन म्हणाला.

निकिता माझ्याकडे बघत होती. "तुले मालूम होतं न? मंग माह्या कानात दुसऱ्यांदा कायले वाजू देल्लं?"

"मले वाटलं..."

"तुले काय वाटलं ते दिसून राह्यलं मले."

तिनं हेडफोन घातला, स्वतःच बटन फिरवलं, गाऊन पाहिलं, पुन्हा थोडं फिरवलं. मग साकेतचा ठिपका नखानं खरवडून काढला. "माहा आवाज मीच लावीन."

साकेतचा ठिपका तिनं निदान स्वतःच्या हातानं काढला. माझ्या मिक्सरकडे तिनं वळूनही पाहिलं नाही. मला साकेतचा त्यासाठीसुद्धा हेवा वाटला.