नत्र आणि छत्र

माझा मामा बियाण्यांच्या फार्मवर मुकादम होता. कानानं जड. पण तसं कुणी म्हटलं की म्हणायचा, "मला नीट ऐकू येतं, जगच हल्ली पुटपुटतं."

त्या हंगामात त्याच्या प्लॉटमधला मका पिवळा पडला. खालची पानं शेंड्याकडून वाळत आत आलेली. साहेबांनी आधीच दम भरला होता, "हा प्लॉट बसला, तर मुकादमी दुसऱ्याकडे जाईल." मामानं घाबरून साहेबांना फोन लावला, हूं हूं करत ऐकलं आणि बायकोला, म्हणजे त्याच फार्मवर खुरपणीला असलेल्या माझ्या मामीला, सांगितलं, "पिकाला छत्र द्यायचंय. अर्धं आत्ता, उरलेलं तीन आठवड्यांनी."

"अहो, नत्र म्हणाले असतील. युरिया!"

"फोन माझ्या कानाला होता का तुझ्या?"

"तुमच्या. तिथंच तर घोळ आहे."

मामा पेटला. पाव्हण्यारावळ्यांच्या, मजुरांच्या, अगदी व्याह्यांच्यासुद्धा मिळून बहात्तर छत्र्या जमवल्या आणि बांबूंना बांधून अर्ध्या मक्यावर छप्पर केलं. मामी खुरपं घेऊन उघड्या अर्ध्यात शिरली. बुंध्याशी चिमूटचिमूट युरिया, वर माती, मागून पाणी.

"तिकडं काय करतेस गं?"

"कानातलं पडलंय, शोधतेय!"

तीन आठवड्यांत उघडा मका असा हिरवा झाला, की पांढरा सदरा घालून आत गेलेला वॉचमन बाहेर आला तो पोपट होऊन. छत्रीखालचा मका मात्र पिवळा, काटकुळा, उन्हासाठी माना ताणताणून फटीतून डोकावणारा. खोटं वाटेल तुम्हाला, पण एका ताटानं आपली छत्री मिटून बाजूला ठेवलेली मी स्वतः पाहिली.

मामा उरलेल्या अर्ध्यासाठी बांबू रोवत होता, तेवढ्यात साहेब आले.

"मुकादम, हे काय?"

"छत्र, साहेब! दुसरा हप्ता. तुम्हीच सांगितलंत ना?"

साहेब मटकन बांधावर बसले. "अहो, पान म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर. ऊन ही तिथली चूल आणि नत्र म्हणजे राबणारे हात. हात कमी पडले की पान पिवळं पडतं, स्वयंपाक थोडा होतो आणि कणसं उपाशी राहतात. तुम्ही हात तर दिले नाहीतच, वर चूलही विझवलीत!" मग त्यांची नजर पलीकडे गेली. "आणि ते अर्धं एवढं हिरवंगार कसं?"

"त्याला अजून छत्र दिलेलं नाही," मामा अपराधी सुरात म्हणाला.

मजूर फिस्सकन हसले. तोच हिरव्या ओळीतून मामी बाहेर आली, कमरेवर युरियाची पाटी.

"बाई, हे तुम्ही केलंत?"

"पहिला हप्ता दिलाय. साहेब, जरा सरकता का? तुमच्या पायाखाली दुसऱ्या हप्त्याची जागा आहे."

साहेब सरकले. चिमूट, माती, पाणी. मामीनं सगळी ओळ उरकेपर्यंत ते बघत राहिले. मग तोंडातल्या तोंडात म्हणाले, "आजपासून मुकादम या बाई."

हे मात्र मामाला वीस पावलांवरून पहिल्या झटक्यात ऐकू गेलं. बांबू हातातून गळून पडला.

"छत्र्या सोडा आधी," मामीनं पहिला हुकूम दिला. "पोरं उन्हाला आसुसलीत."

"काय म्हणालीस?"

"सोडा म्हटलं!"

आणि मामा निमूटपणे पहिली गाठ सोडायला लागला.