कोरी आठ पानं

दुपारी बाराला प्रेस करकरायचा. पुस्तकं दाबायचा तो जुना लोखंडी प्रेस, चाक फिरवलं की गळा आवळल्यासारखा ओरडणारा. चाक फिरवणारा पुस्तक-बांधणीवाला जाऊन चार महिने झाले होते. तरी रोज आवाज यायचा आणि बांधणीवाल्याची बायको हातातली सुई न थांबवता म्हणायची, "झालं का? टेका आता जरा."

भुताला भ्यायला ती काय कालची पोर होती? तिला खात होतं ते वेगळंच. हे थोरल्या पोरावर रुसून तर गेले नाहीत? रुसलेला माणूस घर सोडत नाही, हे चाळीस वर्षांच्या संसारात ती पुरतं शिकली होती.

रुसायला कारणही होतं. थोरला म्हणजे चर्चचा वादपटू. नास्तिक येवो, प्रोफेसर येवो, पठ्ठ्या सगळ्यांना पुरून उरायचा. गेल्या वर्षी चर्चच्या हॉलमध्ये असाच वाद रंगला होता, तेव्हा तिसऱ्या रांगेतून त्याचा बापच उभा राहिला. जन्मभर बायबलं बांधली, पण उपासनेला कधी बसला नाही असा हा माणूस. "माझी धाकटी सहाव्या वर्षी गेली," तो म्हणाला. "तेव्हा तुझा देव काय करत होता?"

पोरानं बोटांवर मोजत चार उत्तरं दिली. एकाहून एक सरस. टाळ्या पडल्या. बाप खाली बसला, तो मरेपर्यंत पोराशी कामापुरतंच बोलला.

आता रविवारी पुन्हा वाद होता. गुरुवारी थोरला वही हातात घेऊन येरझारा घालत होता. त्याच्या सगळ्या उत्तरांचे सुटे कागद एकत्र शिवलेली ती वही. बापानं बांधलेलं शेवटचं काम.

"आई, बाबांनी घोळ घातलाय बघ. ऐन मध्यात आठ पानं कोरी. शेवटी हात थरथरायचा ना त्यांचा."

"तुझी जीभ घसरेल, त्यांची सुई नाही. आण इकडं!"

वाचता तिला यथातथाच यायचं, पण बांधणी ती डोळे मिटून वाचायची. शिवण सरळ होती. कागद मात्र निराळा, जाड, सायीच्या रंगाचा. हा कागद ते फक्त घरच्या बायबलात घालायचे, जुन्या आणि नव्या कराराच्या मधोमध, घरातले जन्म-मृत्यू लिहायला.

"कुठल्या उत्तराला लागून आहेत ही पानं?"

त्यानं पाहिलं. आवाज खाली आला. "लेकरं का मरतात, त्याच्या."

"चार उत्तरं दिलीस तेव्हा. त्यात एकदा तरी बहिणीचं नाव घेतलंस?"

"आई, तो वाद होता. मुद्द्याला धरून बोलावं लागतं."

"मग घाल की वाद, मी कुठं नको म्हणते? दवाखान्यातला तो कंपाउंडर चर्च सोडून चालला होता, तुझ्या बोलण्यानंच थांबला. त्याच्या दाराला कुलूप होतं, तुझी किल्ली लागली. तुझ्या बापाचं दारच मोडलेलं होतं रे. तिथं किल्ल्या खुळखुळवत बसलास!"

आत प्रेस करकरला. बारा केव्हाच वाजून गेले होते.

थोरल्याचा चेहरा पांढरा पडला. "आत कोण आहे?"

"ऐकू आलं एकदाचं?" ती म्हणाली आणि पेन त्याच्यापुढं सरकवलं. कोऱ्या पानावर बहिणीचं नाव त्यानं लिहिलं. ती गेल्याची तारीख त्याला आठवेना. ती तिनं सांगितली, वारासकट.

रविवारी थोरल्यानं दोघातिघांना गप्प केलं. मग डोळे सुजलेली एक बाई उठली आणि तिनं तोच प्रश्न विचारला. लोक त्याच्या बोटांकडे बघत राहिले. त्यानं वही उघडली, एक नाव आणि एक तारीख वाचली.

"ही माझी बहीण. ती का गेली, मला माहीत नाही. वडिलांनी मला हेच विचारलं होतं. मी त्यांना हरवलं."

मग तो खाली उतरला आणि त्या बाईशेजारी जाऊन बसला. टाळी एकही पडली नाही.

सोमवारी बारा वाजायच्या आधीच आईची सुई थांबली. बारा वाजले. सव्वाबारा झाले. प्रेस गप्प. ती उठून आत गेली, चाकावर तळवा ठेवला. गार होतं.

"पोराशी समेट झाला म्हणून निघालात होय?" ती चाकाला म्हणाली. "आणि माझा निरोप कोण घेणार होतं?"